सव्वा मूठ

मयुरीने दुरडीवर फडकं ओढलं, एवढंच झालं. सोमवारी संध्याकाळी दिपमाला कामावरून घरी आली, हातपाय धुतले, चहा टाकावा म्हणून स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या भावजयीचा हात आपसूक रोटांच्या दुरडीकडे गेला. फडकं ओढून झाल्यावर मयुरीलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘माशा बसतात ना ताई,’ ती म्हणाली. माशी औषधालाही नव्हती. दिपमालाने ‘हो, फार झाल्यात’ म्हटलं, चहा टाकला, दोघींना गाळला आणि आपला कप घेऊन ती पुढच्या खोलीत गेली. मागून मयुरीचा दबलेला आवाज आला. ती मोठ्या काकूंना फोनवर विचारत होती, ‘काकू, रोट ताईंना चालतो का हो?’ काकूंनी काय सांगितलं ते कळलं नाही. पण जेवताना सगळ्यांच्या ताटात रोट होता आणि दिपमालाच्या ताटात तूप लावलेली गरम पोळी.

यात कुणाचं चुकलं म्हणावं? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर पोचवतात, आणि मग घरात रोट खायला सुरुवात होते. गव्हा-डाळीच्या जाडसर पोळ्याच त्या, बघायला गेलं तर. पण त्या भाऊबंदांच्या. परक्याला त्यातला कणही द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत सगळे संपवायचे. आणि लग्न होऊन गेलेली लेक या बाबतीत परकीच. आता ती लेक परत आली असेल, तिच्या हातात कोर्टाचा कागद असेल, तर ती आत की बाहेर, हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बायांनाही ते ठाऊक नसणार. गेल्या साली भाऊबंदकीत सुतक होतं म्हणून भावाच्या, नवीनच्या घरी कानबाई बसलीच नाही, प्रश्न टळला. त्याच्या आदल्या साली दिपमाला सासरी, एरंडोलला स्वतःच्या हाताने रोट थापत होती. मयुरी तेवीस वर्षांची पोर. तिच्याकडून न्यायनिवाड्याची अपेक्षा करणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. हे सगळं दिपमालाला समजत होतं, आणि समजत असूनही तो फडकं ओढणारा हात तीन दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

तिचं कामही असं की विसरायला वाव नाही. धुळ्यातल्या एका आधार केंद्रात ती दिवसभर लोकांची नावं आणि पत्ते बदलत बसते. नव्या नवऱ्या येतात, हातावरची मेंदी अजून गेलेली नसते, म्हणून यंत्र बोटांचे ठसे घेत नाही. त्यांना ती सांगते, आठ दिवसांनी या. वडिलांचं नाव काढायचं, नवऱ्याचं घालायचं, गाव बदलायचं. दोन मिनिटांचं काम. कधी एखादी उलट्या दिशेनेही येते, मान खाली घालून, आणि दिपमाला तिच्याकडे न बघता विचारते, ‘कोणाच्या नावाने टाकू?’ प्रश्न फॉर्मातला आहे. तिचं स्वतःचं कार्ड मात्र अजून एरंडोलच्याच पत्त्यावर होतं. कधी वेळ मिळाला नाही, असं ती म्हणे. रोज आठ तास त्याच यंत्रापुढे बसणाऱ्या बाईने असं म्हणावं, म्हणजे कमालच.

मंगळवारी ती देवपुरात एक खोली बघून आली. खोली, मोरी, मागे हातभर गॅलरी. घरमालक निवृत्त मास्तर, माणूस सरळ. ‘कोण कोण राहणार?’ त्यांनी विचारलं. ‘मी,’ ती म्हणाली. मास्तर पुढचं नाव ऐकायला थांबले. ते थांबलेले बघून तिला एकदम ओशाळल्यासारखं झालं आणि ती म्हणाली, ‘विचारून सांगते.’ कुणाला विचारून, हे मास्तरांनी विचारलं नाही आणि तिलाही सांगता आलं नसतं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगा, ते म्हणाले, दुसरं एक गिऱ्हाईक आहे. नवीनला तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ‘वरची खोली तुझीच आहे, जन्मभर राहा,’ असं तो नेहमी म्हणे, आणि मनापासून म्हणे. त्या ‘राहा’चंच तिला ओझं झालं होतं.

आणि बुधवारी तो फोन आला. ‘दिपमाला, मी झुंबर बोलस, एरंडोलहून.’ सासूने स्वतःचं नाव घेऊन ओळख द्यावी, म्हणजे नातं नेमकं कुठे येऊन ठेपलंय हे तिलाही समजत नव्हतं. ‘उद्या धुळाले येस. तुना भाऊना घर मी येत नही. तठे बरं दिसत नही. ती बावटानी टेकडी शे ना, तठे ये.’ कशासाठी, हे विचारायच्या आत फोन बंद झाला. झुंबरबाईंना फोनवर बोलणं म्हणजे उगाच बॅटरी जाळणं वाटे.

बावटा टेकडी शहराच्या दक्षिणेला. साहेबाच्या काळात तिथे एक दगडी बंगली बांधली गेली, आवारात उंच काठी उभी राहिली आणि तिच्यावर बावटा लावून खाली निरोप पोचवायचे, असं जुनी माणसं सांगतात. साहेब गेला, काठी गेली, नाव राहिलं. बंगलीत पुढे कॉफी हाऊस निघालं, त्यालाही आता साठ-पासष्ट वर्षं झाली. तिथे कॉफीच मिळते. ‘येथे चहा मिळणार नाही’ अशी पाटी पहिल्या दिवसापासून आहे. चहाशिवाय पान न हलणाऱ्या मुलखात ही मिजास एवढी वर्षं कशी टिकली देव जाणे. बंगलीपुढे कठडा, आणि कठड्याच्या मधोमध एक गोल दगडी मेज. त्यावर मधल्या ठिपक्यापासून चारी दिशांना रेघा कोरलेल्या, प्रत्येक रेघेच्या टोकाला गाव आणि मैल. लळिंग. पारोळा २२. एरंडोल ३७. कॉलेजची पोरं-पोरी त्या मेजावर बसून फोटो काढतात. गावं त्यांच्याखाली झाकली जातात.

गुरुवारी अर्धी रजा टाकून दिपमाला रिक्षाने वर आली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर शहर एकदम खाली गेलं. लहानपणी वर्षातून एकदा, निकाल लागला की, वडील, अण्णा, तिला आणि नवीनला इथे आणत. तिघांत दोन कॉफ्या. मग कठड्याशी उभं करून विचारत, आपलं घर दाखवा. वरून धुळं वहीत आखल्यासारखं दिसतं, एक नंबर गल्ली, दोन नंबर गल्ली, सगळ्या सरळ, सगळ्या सारख्या. नवीन दोन क्षणांत पाच नंबर गल्ली पकडे, मग पाण्याची टाकी, मग घर. दिपमालाला ते कधी सापडलं नाही. तिला दिसे ते दुसरंच कुणाचं तरी घर असे. अण्णा म्हणत, ‘अगं ते नाही, त्याच्या अलीकडचं. दिसलं?’ आणि ती म्हणे, ‘हो, दिसलं.’ अण्णांना बरं वाटे. पुढे लग्नानंतर पहिल्या दिवाळीला त्यांनी विचारलं, ‘सुखी आहेस ना?’ तेव्हाही ती त्याच आवाजात हो म्हणाली. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलंच नाही. विचारणाऱ्याला बरं वाटावं एवढ्यापुरतं ते उत्तर होतं.

नवरा म्हणून रोहिदास काही वाईट माणूस नव्हता. हात उचलणं सोडाच, त्याने कधी आवाजही चढवला नाही. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, सकाळी नवाला जायचं, रात्री नवाला यायचं, जेवायचं. सात वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नाही. ‘ऐकलं का’ही नाही. नुसता खाकरे. मूल झालं नाही, त्याबद्दलही त्याने चकार शब्द काढला नाही. लोकांनी काढला, पण लोकांचं काय. एकदा भर दुपारी ती अंगणात धान्य वाळवत होती आणि तिला स्वतःचं घर वरून दिसू लागलं: ही पत्र्याची पडवी, हा हौद, ही गव्हावर हात फिरवणारी बाई. सगळं जागच्या जागी, स्वच्छ, आणि तिचा त्याच्याशी संबंध नाही. ते वरून दिसणं मग थांबलंच नाही. ती निघाली तेव्हा सगळे कारण विचारत होते, आणि द्यायला तिच्याकडे कारण नव्हतं. वकिलाने ‘स्वभाव न जुळणे’ असं लिहिलं. जुळायला समोर आधी स्वभाव तर दिसायला हवा. रोहिदासने सही केली, पेन वकिलाला परत दिलं आणि खाकरला. ज्येष्ठात निकाल लागला.

‘तुमनीच वाट दखी ऱ्हायन्यात त्या,’ भिकन नाना म्हणाले. भिकन नाना इथले सगळ्यांत जुने वेटर, पांढरा कोट, कोटाला एक बटण कमी. ‘अकरा वाजापासीन बठेल शेत. चहा मांगतंस. मी सांगं, माय, आठे चहा नही भेटत. तं म्हने, मंग इतला वर कसाले बांधं?’

झुंबरबाई कठड्याजवळच्या टेबलाशी खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, एसटीत दोघांच्या बाकावर तिसऱ्याने बसावं तशा. नऊवारी, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. दिपमालाला पाहून त्या उठल्या, पुन्हा बसल्या. काय म्हणून हाक मारावी असा विचार रिक्षात करून झाला होता आणि काही ठरलं नव्हतं. तोंडातून सवयीनेच ‘आत्याबाई’ आलं. पाया पडायला ती वाकली तेव्हा झुंबरबाईंचा हात तिच्या डोक्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला.

‘वाळी गयी व तू,’ त्या म्हणाल्या.

‘नाही हो, तशीच आहे.’

भिकन नानांनी दोन कॉफ्या आणल्या. झुंबरबाईंनी बशीत ओतून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. ‘कडू शे व! पैसा दिसन कडू पेतंस हाई लोके?’ दिपमाला हसली. सात वर्षांत या बाईशी तिचं एकदाही वाजलं नव्हतं. फार बोलणंही झालं नव्हतं. दोघी एका ओट्याशी उभ्या राहिल्या, एका जात्याला हात लावला, बस. त्या घरातून निघताना कुणाची आठवण येईल असं कुणी विचारलं असतं तर दिपमालाने कुणाचंच नाव घेतलं नसतं.

झुंबरबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, टेबलावर ठेवला, आणि झाकण उघडायच्या आधी आजूबाजूला नजर टाकली. आत फडक्यात गुंडाळलेला एकच रोट. पलीकडून भिकन नाना आले ते ‘बाहेरचं खाणं’ असं म्हणतच, पण डब्यात नजर जाताच जागीच वळले. ‘रोट शे का? मंग मी काही देखंज नही,’ असं हवेला सांगून ते तडक बंगलीत गेले. तेही इकडचेच. परक्याच्या रोटाजवळ उभं राहू नये एवढं त्यांना ठाऊक होतं.

‘हे काय आत्याबाई?’ दिपमालाचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा कोरडा निघाला. ‘मला कसा चालेल हा? मी आता तिथली नाही.’

‘माले म्हाईत शे. कोर्टना कागद मी देखेल शे.’ झुंबरबाईंनी पदराने ओठ पुसले. ‘तू ऐकी तं ले. दळनना आगोदर मी सुपडं लिसन मूठ टाकाले बठनी.’

ते दिपमालाला सांगायची गरज नव्हती. रोटाचं धान्य असंतसं काढत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ सुपात टाकायची, म्हातारा असो की पाळण्यातला. जेवढे पुरुष तेवढ्या मुठी. आणि एरंडोलच्या त्या घरात तर ज्याच्या नावाची मूठ, त्याच्या नावाने पहिला एक रोट वेगळा थापायचा. तो त्यानेच खायचा.

‘तुना सासरा गयात, त्यास्नी मूठ गयी,’ झुंबरबाई म्हणाल्या. ‘रोहिदासनी टाकी. धाकलानी टाकी. धाकलाना दोन्ही पोरेस्नी टाकी. चार. व्हयनं. आनि मंग मना हात आख्खो भरना. पाचवी मूठ. आनि तोंडमातून नाव निंघनं, दिपमाला.’

खाली शहरात कुठेतरी पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजत होता.

‘बाईच्या नावाची मूठ असते?’

‘कव्हय ऱ्हास? कव्हयज नही.’

‘मग काढून घ्यायची होती परत.’

‘देवीना नावनं धान्य. सुपडामा पडनं ते पडनं. काढता येस का?’ त्या वैतागल्याच होत्या, पण स्वतःवर. ‘कोनले सांगं नही मी. दळी टाकं, थापी टाकं. परवादिन पुनी. तवपावत तू खाई ले, म्हंजे मी मोकळी. नही खादं तं...’ ज्याचं नाव घेतलं त्याला काही होईल, हे त्यांना तोंडाने म्हणायचं नव्हतं. म्हटलं की ते खरं व्हायचं.

दिपमालाला आधी राग आला. चांगला सणसणीत. दीड वर्ष लागलं तिला त्या घरातून बाहेर यायला, वकील, तारखा, मधली माणसं, आणि ही बाई साठ किलोमीटर एसटीने येऊन एका घासाने तिला परत आत ओढतेय. हा खाल्ला म्हणजे त्या घरची. नाही खाल्ला म्हणजे ही पासष्ट वर्षांची बाई तोच डबा मांडीवर घेऊन एरंडोलला परत जाणार आणि पौर्णिमेपर्यंत झोपणार नाही. भावाच्या घरी झाकलेला, इथे उघडा. दोन्हीकडे तिला विचारलं कुणीच नव्हतं.

‘रोहिदासनं ठरनं,’ झुंबरबाई शहराकडे बघत म्हणाल्या. ‘पारोळानी पोर शे. कार्तिकमा लगीन. तुले दुसराकडून समजाना आगोदर मीच सांगू म्हनं.’

दिपमालाने मनात चाचपून पाहिलं. दाढ काढल्यावर जीभ जशी त्या जागी जाते तशी. दुखत नव्हतं. जागा रिकामी होती एवढंच. ‘बरं झालं,’ ती म्हणाली, आणि ते खरं होतं. मग तिची नजर सासूच्या हातांवर गेली. बोटं जाड, नखांत अजून पीठ, तळव्याला तव्याचे जुने डाग. तिने विचारलं, म्हणजे विचारायचं असं ठरवलं नव्हतं, ‘आत्याबाई, तुमच्या नावाची मूठ कुणी टाकली होती कधी?’

‘मना नावनी?’ झुंबरबाई हसल्या. ‘मनी कसाले टाकतीन? सोळानी व्हती मी, लगीन व्हयनं तव्हय. तव्हयपासीन मूठ मीच टाकस, दळस मीच, थापस मीच. सासूनी कव्हय टाकी नही, तिनी बी कोनी...’ हसू अर्ध्यावरच राहिलं. एकोणपन्नास श्रावण. त्या मनात काहीतरी मोजत असाव्यात. ओठ हलत होते. ‘बठ्ठास्ना रोट खादात मी,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘मना नव्हताच.’

दिपमालाने रोट उचलला आणि मधोमध मोडला. कडक झाला होता, जोर लावावा लागला. अर्धा तिने सासूपुढे धरला.

‘घ्या.’

‘येडी व्हयनी का? तुना नावना शे तो.’

‘म्हणूनच. माझ्या नावाचा आहे ना? मग त्यातला मी देते.’

‘परकाले देवाना नही ऱ्हास रोट.’

‘तुम्ही माझ्या परक्या आहात का?’

झुंबरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कोर्टाचा कागद त्यांनी पाहिला होता, लेकाचं लग्न त्यांनीच ठरवलं होतं, तेव्हा उत्तर अवघड नव्हतं. पण त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही हात पुढे केले आणि अर्धा रोट घेतला. दोघींनी खाल्ला. घोटघोट कडू कॉफीबरोबर खाल्ला, कारण दुसरं काही नव्हतं. लुगड्यावर पडलेले कण झुंबरबाईंनी बोट ओलं करून एकेक टिपले. शेजारच्या टेबलावरची पोरगी त्यांच्याकडे बघत होती, बघू दे. खाता खाता दिपमालाला रडू आलं. दीड वर्षात आलं नव्हतं, कोर्टात आलं नव्हतं, सोमवारच्या पोळीवर आलं नव्हतं. तिने ते येऊ दिलं. झुंबरबाई समजूत घालायच्या फंदात पडल्या नाहीत. रडून होईपर्यंत त्या चावत राहिल्या.

मग म्हणाल्या, ‘भाऊना घर तुले रोट देतंस का?’

‘नाही.’

‘माले वाटनंच.’ त्यांनी डबा झाकला. ‘त्यास्ना बी इलाज नही. मंग तू काय करशी?’

‘खोली पाहिलीय एक. देवपुरात. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय.’

‘कितला मानसे?’

‘मी एकटीच.’

झुंबरबाईंनी उजवा अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला, सुपापुढे बसल्यावर मुठी मोजायला ठेवतात तसा, आणि तो पुढे सरकेना. ‘एक,’ त्या म्हणाल्या. ‘एक तं एक. एक मूठनं दळन कोनी चक्कीवाला दळी देत नही, घरमाज जातं ठेवनं पडी. मनं धाकलं जातं पडेल शे, ते मी धाडी देसू.’

‘बाईच्या नावाची मूठ नसते म्हणालात ना मघाशी.’

‘खादी ना आते?’ त्या चिडून म्हणाल्या. ‘काय व्हयनं? काहीज नही.’

साडेचारची पारोळा-एरंडोल गाडी चुकायला नको म्हणून त्या उठल्या. भिकन नाना दारात दिसले, रिक्षा थांबवून ठेवलीय अशी खूण करत. दिपमालाने मास्तरांना फोन लावला. पलीकडे दोनतीन वेळा ‘हॅलो’ झालं, मग मास्तर म्हणाले, बोला.

‘मी दिपमाला. खोली मला हवीय. एकटीच राहणार आहे.’

‘चालेल की,’ मास्तर म्हणाले. ‘दुसरं काही?’

झुंबरबाई चार पावलं पुढे जाऊन थांबल्या होत्या, पाठ करून, पण कान इकडे.

‘हो, एक विचारायचं होतं,’ ती म्हणाली. ‘श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. चालेल ना?’